डावा खांदा अर्धा इंच खाली

पाच वर्षांत माझे तीन देश आणि सात खोल्या झाल्या. आई कुणाला सांगताना "थोरली परदेशात असते" एवढंच म्हणते, पण सूर असा लावते की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बया रोज सकाळी समुद्राकडे तोंड करून कॉफी पीत असणार. कसलं काय! मी रोज सकाळी चार जिने उतरते, कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून पाऊण तास झोपते आणि मग दहा तास उभी राहून कागद कापते. समुद्र इथून दोन तासांवर आहे म्हणतात. असेल बापडा.

कागद कापते म्हणजे काय, तर कपड्यांच्या कारखान्यात हजार शर्ट शिवायच्या आधी एक शर्ट शिवून बघतात. आणि त्या एका शर्टाच्या आधी त्याची पाठ, पुढा, बाही, कॉलर असं सगळं जाड कागदावर आखून कापतात. ते माझं काम. माझ्यापुढे माणूस कधीच येत नाही, नुसते आकडे येतात. छाती छत्तीस, कंबर तीस, बाही साडेतेवीस. त्या आकड्यांवरून मी कधी न पाहिलेल्या बायकांची अंगं कागदावर उभी करते. आणि खोटं कशाला बोलू, चांगली करते. बाबा लेडीज टेलर आहेत, बाजारातल्या बोळात दहा बाय आठचं दुकान. मी आणि धाकटी बहीण, दोघी त्यांच्या मशिनखाली रांगलो. वर्गातल्या पोरी बाराखडी गिरवत होत्या तेव्हा मला बाहीचा मुंढा कुठे आणि छातीचे टक्स कुठे हे कळत होतं.

निघाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. बाबांनी भिंतीवरच्या नकाशाला चक्क टेप लावला. "आशियातल्या आशियात तर आहे. साडेतीन इंच. एवढं काय रडायचं?" असं म्हणाले आणि स्वतःच आत जाऊन नाक शिंकरून आले. आई नाही रडली. ती जिल्ह्याबाहेर आयुष्यात दोनदा गेलेली, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला. ती म्हणाली, "जा गं. माझ्या वाटचंही बघून घे."

पहिली दोन वर्षं बघितलंसुद्धा. नऊ तास रेल्वेत बसून एक जुनं शहर बघून आले, एकटीने. होडीतून नदी ओलांडली, डोंगर चढले, पायऱ्यांवर बसून कागदात गुंडाळलेलं काहीबाही खाल्लं, सगळ्याचे फोटो आईला पाठवले. तिन्ही देशांच्या भाषांत मला सगळ्यात आधी कळायला लागलेला शब्द म्हणजे "एकटीच?" तिकीट खिडकीवरचा विचारतो, खोलीची मालकीण विचारते, शेजारी बसलेली म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून विचारते. सुरुवातीला मी ऐटीत मान हलवायचे. मग नुसती हलवायचे. आता कुणी विचारू नये म्हणून जात नाही. रविवारी कपडे धुते आणि आडवी होते.

थकले होते मी. आजारी नव्हते, दुःखीही नव्हते, नुसती थकले होते. प्रत्येक नव्या खोलीत पहिल्या दिवशी कडी नीट लागते का ते बघायचं, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारायचं, दिव्याचं बटण अंधारात चाचपायला शिकायचं. ते हाताला सवयीचं होतं न होतं तोच बॅग भरायची. ऑर्डर जिकडे जाईल तिकडे कंपनी जाते आणि कंपनी जाईल तिकडे आम्ही.

आणि आता चौथा देश आला होता.

आमच्या सॅम्पल रूमच्या मुख्य बाईंना मी मनातल्या मनात इस्त्री म्हणते. पन्नाशीच्या आहेत, आणि त्यांच्या कपड्यांवर मी पाच वर्षांत एक चुणी पाहिलेली नाही. सोमवारी त्यांनी मला बोलावून समोर कागद ठेवला. नव्या देशात नवा कारखाना, तिथली सॅम्पल रूम माझ्या हाताखाली, करार दोन वर्षांचा. पहिलं वर्ष सुट्टी नाही. पासपोर्ट लगेच व्हिसासाठी द्यायचा, म्हणजे तीन महिने तोही हातात नाही.

"शनिवारी दुपारपर्यंत सही," इस्त्री म्हणाल्या. "तुझा आत्ताचा करार महिनाअखेर संपतोय. तू नाही म्हणालीस तर मला दुसरी बघायला लागेल. पण तू कशाला नाही म्हणशील?"

तेच तर. कशाला नाही म्हणू? सांगण्यासारखं एक कारण माझ्याकडे नव्हतं. कंटाळा आला हे कारण नसतं. घरी जाऊन नुसतं पडून राहावंसं वाटतं, कुणीतरी "उठ गं, किती झोपशील" म्हणून ओरडावंसं वाटतं, हे कुठल्या कागदावर लिहितात? आईला फोनवर सांगितलं तर तिला कोण आनंद झाला! "मुख्य? म्हणजे तुझ्या हाताखाली माणसं? बघ, बाबांना सांगते. सही कर बाई, विचार कसला करतेस?"

हे बोलताना आई मला दिसत नव्हती. आईच्या व्हिडिओ कॉलमध्ये मला कायम पंखा दिसतो. घरचा, छताचा, तीन पात्यांचा, एक पातं किंचित वाकडं. ती फोन पलंगावर उताणा ठेवते आणि स्वतः बाजूला बसून बोलते. "अगं, तोंड दाखव की," म्हटलं तर म्हणते, "तोंड काय बघायचंय, तेच आहे." गेले सहा महिने हेच चाललं होतं. मी बटणवालीला, म्हणजे माझ्या खोलीत राहणाऱ्या पोरीला, पंखा दाखवून म्हणायचे, "ही माझी आई." ती कारखान्यात बटणं लावते, तिसऱ्याच देशातली आहे. तीसुद्धा पंख्याला हात हलवून नमस्कार करायची. आम्ही दोघी खो खो हसायचो.

तर हे ब्लाउजचं प्रकरण त्याच्या आदल्या आठवड्यातलं. धाकटीचा फोन आला. लहान मावशीची पन्नाशी आहे पुढच्या महिन्यात, तिला तुझ्या हातचं ब्लाउज हवंय. तिकडे रेशीम छान मिळतं ना, मोरपिशी बघ.

"बाबा काय करतायत?" मी वैतागून विचारलं. "घरात टेलर असताना ब्लाउज परदेशातून?"

"बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मोतीबिंदू. दोन महिने शिवायचं नाही."

"आणि हे मला आत्ता सांगतेयस?"

"छोटं तर असतं. तुला कशाला डोक्याला ताप."

मी चिडले, मग बाबांशी बोलले. ते म्हणाले, "ठीक आहे गं, दिसतंय," आणि फोन लगेच धाकटीकडे दिला. मला वाटलं, डोळ्यामुळे कावलेत. दुसऱ्या दिवशी धाकटीनं दुकानातल्या मापाच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वर लिहिलं होतं 'मावशी', खाली आकडे. मी रविवारी बाजारात जाऊन मोरपिशी रेशीम घेतलं आणि पिशवी कपाटावर टाकली. खरं सांगायचं तर जिवावर आलं होतं. दिवसभर तेच करायचं आणि सुट्टीतही तेच?

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, चला, उरकून टाकू. सॅम्पल रूम रिकामी होती. खिडकीजवळच्या टेबलावर कागद अंथरला आणि फोन समोर उभा करून आखायला घेतलं. छाती एकतीस. कंबर सत्तावीस. उंची साडेचौदा. हात आपोआप चालत होता. खांदा चौदा.

हात थांबला. एकतिसाच्या छातीला चौदाचा खांदा येत नाही. तेरा येतो, फार तर सव्वातेरा. असं अंग मी कागदावर कधी काढलं नव्हतं. आखून बघितलं तर हँगरला कपडा टांगावा तसं दिसायला लागलं, वर रुंद आणि खाली काहीच नाही. धाकटीनं चुकून लिहिलं असेल म्हणावं, तर धाकटी मापात चुकत नाही. आम्हा दोघींना बाबांनी एकच गोष्ट पाठीत धपाटे घालून शिकवलीय. माप घेताना माणसाकडे बघायचं नाही, टेपकडे बघायचं. गिऱ्हाईक श्वास ओढून धरतं, पोट आत घेतं, 'वजन उतरलंय हो माझं' म्हणतं. म्हणू दे. जे असेल ते लिहायचं, आपल्या मनाचं पाव इंचही घालायचं नाही.

पुढे वाचलं. मागचा गळा चार.

आता लहान मावशीबद्दल सांगायला हवं. मावशी आमची हौशी. तिच्या ब्लाउजला पाठ कमी आणि लटकन जास्त, असं बाबा म्हणतात. मागचा गळा दहाच्या आत लावला तर ती दुकानात येऊन भांडते. ही बाई मागचा गळा चार घेईल? चार इंचांचा गळा आमच्या ओळखीत एकच बाई घालते. तिला पाठ उघडी टाकलेली आवडत नाही, मानेला वारा लागतो म्हणते.

आणि पानाच्या अगदी खाली, बारीक अक्षरात, धाकटीनं लिहिलं होतं: डावा खांदा अर्धा इंच खाली.

फोटो आला त्या दिवशी मी ते बघितलंच नव्हतं. आकडे तेवढे बघितले होते.

आई तीस वर्षं बाबांच्या मशिनशेजारी स्टुलावर बसून हूक-काज करतेय. बाबा उजवीकडे, खिडकी डावीकडे. उजेडासाठी डावीकडे झुकून झुकून तिचा डावा खांदा उतरलाय. तिचं ब्लाउज कापताना बाबा दर वेळी डावीकडे अर्धा इंच कमी करतात आणि दर वेळी म्हणतात, "हा माझा अर्धा इंच." लाजायची ती. पन्नाशी उलटल्यावरही लाजायची.

 कात्री उचलली आणि आखलेली पाठ कापून काढली. आईचं माप मला तोंडपाठ आहे. छाती अडतीस, खांदा चौदा, उंची साडेचौदा, मागचा गळा चार. हाडांचे आकडे सगळे तेच होते. मांसाचे तेवढे गेले होते.

तरी माणूस वेडं असतं. मी मनाला समजावत राहिले, योगायोग असेल, मावशीनं गळा बदलला असेल, तिचाही खांदा उतरला असेल, सख्ख्या बहिणी आहेत. संध्याकाळी खोलीवर आले. माझ्या बॅगेच्या तळाशी आईचं मापाचं ब्लाउज आहे. निघताना मुद्दाम मागून घेतलं होतं, तिकडून शिवून पाठवेन तुला दर सहा महिन्यांनी, अशी फुशारकी मारून. पाच वर्षांत एक शिवलं नाही. सात खोल्या ते ब्लाउज माझ्याबरोबर फिरलं, आणि मी ते फक्त बॅग भरताना उचलून परत तळाशी ठेवत आले.

ते पलंगावर पालथं पसरलं आणि दुपारी कापलेला पाठीचा कागद वर ठेवला. खांद्याला खांदा लागला. उजवा बरोबर, डावा अर्धा इंच खाली, तोही बरोबर. गळ्याला गळा लागला. उंची लागली. फक्त दोन्ही बाजूंनी ब्लाउज कागदाच्या बाहेर राहिलं. टेप लावून बघितलं. इकडून पावणेदोन इंच, तिकडून पावणेदोन इंच.

एवढी आई कुठे गेली?

बटणवाली दारात उभी होती. "कुणाचं आहे?" तिनं विचारलं. मला तिच्या भाषेत काय, माझ्या भाषेतही सांगता येईना. तिनं चहा ठेवला आणि खालच्या दुकानातून काहीतरी आणायचंय म्हणून बाहेर निघून गेली. शहाणी पोरगी आहे.

मी धाकटीला फोन लावला.

"मावशीचं माप कुणी घेतलं?"

"मी. का गं?"

"मावशीचा मागचा गळा चार?"

"वय झालं आता तिचं. बदलली आवड."

"आणि खांदा? तोही बदलला?"

 धाकटीच्या मागे दुकानातल्या मशिनचा आवाज येत होता. म्हणजे बाबा शिवत होते, आणि डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.

"अर्धा इंच कशाला लिहिलास गं?" मी विचारलं.  "एवढं सगळं खोटं रचलंत, मावशी काय, मोतीबिंदू काय, मग तेवढं गाळता आलं नाही?"

"मग काय करू?" ती एकदम फुटली. "होता म्हणून लिहिला. नसता लिहिला तर तिला बसलं नसतं ब्लाउज. नीट बसायला हवंय तिला, ताई. सगळं अंगावर लोंबतं तिच्या. म्हणते, एक तरी माझ्या मापाचं घालू दे मला."

आमचं घर हे असं आहे. तोंडानं वाटेल ते खोटं बोलतील, टेपनं नाही बोलता येत.

मग सगळं बाहेर आलं. पोटाचं दुखणं, सहा महिन्यांपूर्वी कळलं. औषधं झाली, आता ऑपरेशन. तारीख याच महिन्याची एकवीस.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बघू म्हणतात. दर वेळी बघूच म्हणतात."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, कळलं तर ती धावत येईल. एवढी तिकडे पोचलीय, तिचा पाय नका ओढू."

"आणि बाबा? त्यांनी का नाही शिवलं?"

धाकटीनं नाक पुसल्याचा आवाज आला. "घेतलं होतं शिवायला. कापड अंथरलं, मी माप वाचून दाखवलं. छाती एकतीस म्हटल्यावर त्यांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, परत घे माप. मी परत घेतलं. एकतीसच आलं. मग कापडाची घडी घातली आणि बाहेर जाऊन बसले. तीन दिवस घेतायत आणि ठेवतायत. शेवटी आईच म्हणाली, थोरलीकडे पाठवा, तिला रोज नुसते आकडेच येतात, तिला नाही कळायचं."

तिला नाही कळायचं! माझ्या जिव्हारी लागलं ते. कारण खरंच होतं. सहा महिने आई मला पंखा दाखवत होती आणि मी हसत होते. सहा महिने ती "बरी आहे गं" म्हणत होती आणि मी "मग ठेवू का, दमलेय" म्हणत होते. मी दमले होते! मला स्वतःची इतकी लाज वाटली की कुठे तोंड लपवावं कळेना. आणि त्याहून वाईट सांगू? सोमवारपासून मी नाही म्हणायला कारण शोधत होते. रोज बसमध्ये डोळे मिटून मनात म्हणत होते, काहीतरी होऊ दे आणि ही सही टळू दे. असलं कारण नको होतं गं बाई मला. असलं नको होतं.

"तिला सांगू नकोस मला कळलंय ते," मी धाकटीला म्हटलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत रेशीम कापलं. शनिवारी सकाळी कच्चे टाके घातले. दुपारी इस्त्री स्वतःच माझ्या टेबलाशी आल्या, हातात कराराचा कागद आणि पेन. कागद माझ्यापुढे ठेवला आणि त्यांची नजर बाजूला पडलेल्या ब्लाउजच्या कागदी पॅटर्नवर गेली. तीस वर्षं हेच करतायत त्या. बघितल्याशिवाय राहवत नाही.

"हे काय? कुठल्या ऑर्डरचं?"

"ऑर्डरचं नाही. घरचं आहे."

त्यांनी तो पॅटर्न उचलून उजेडात धरला, बोटानं खांद्याची रेघ मोजली, मग बाजूची. कपाळाला आठी पडली. "चुकलंय. या छातीला हा खांदा येत नाही. तू अशी चूक करशील असं वाटलं नव्हतं."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "दोनदा माप घेतलंय. माझ्या आईचं आहे."

 इस्त्रींनी पॅटर्न पुन्हा एकदा बघितला, या वेळी हळू, वरून खाली. मग तो दोन्ही हातांनी नीट टेबलावर ठेवला, कोपरा दुमडला होता तो सरळ केला. पेनाचं टोपण लावलं.

"कधी निघतेस?"

"मंगळवारी. बारा दिवस सुट्टी शिल्लक आहे माझी, तोवर महिना संपेल."

"जागा ठेवता येणार नाही मला."

"माहितीये."

"मी माझ्या आईच्या वेळी ऑर्डर पुरी करून निघाले होते," त्या म्हणाल्या.  कराराचा कागद उचलला आणि गेल्या. मी बघत राहिले. ब्लाउजच्या पाठीवर त्यांच्याही चुण्या पडल्या होत्या, बसून बसून पडतात तशा. मी त्यांच्याकडे पाठीमागून कधी बघितलंच नव्हतं.

रविवारी सकाळी घरी फोन लावला. पलीकडे पंखा आला. वाकडं पातं गरगर फिरत होतं.

"केलीस का गं सही?" आईचा आवाज. बारीक झाला होता तो, आता ऐकू आलं मला. आधीही झाला असणार.

"ते सांगते. आधी मावशीच्या ब्लाउजचं ऐक. कच्चं शिवून झालंय."

"झालं? मग पाठवून दे. रंग खुलून दिसतोय का?"

"दिसतोय. पण ट्रायल घेतल्याशिवाय मी पक्की शिलाई मारत नाही, बाबांची शिस्त आहे. मंगळवारी येतेय मी. मावशीला सांग, पाच मिनिटं उभं राहायला लागेल."

पंखा फिरत राहिला.  

"अगं, तेवढ्यासाठी कशाला येतेस?" आई म्हणाली. "तुझी सही, तुझं ते..."

"एकाच गिऱ्हाइकाचं माप आलंय मला पाच वर्षांत. बाकीचे नुसते आकडे होते."

 मग आई म्हणाली, "तिला फार वेळ उभं राहवत नाही गं."

"बसून घेऊ."

पंखा हलला. छत सरकलं, भिंत आली, खिडकीचे गज आले, सगळं वाकडंतिकडं झालं आणि मग आई आली. मी ओठ दाताखाली घट्ट धरून ठेवला. गालांची हाडं वर आली होती. अंगात ते जुनं अडतिसाचंच ब्लाउज होतं, काखेखाली दोन्हीकडे सेफ्टी पिना लावलेल्या. ती माझ्याकडे बघत होती, चोरी पकडली गेल्यासारखं तोंड करून.

"धाकटीनं माप बरोबर घेतलंय का?" तिनं विचारलं.

"तंतोतंत."

"मला वाटलं, तुला नाही कळायचं."

"मलाही तेच वाटलं होतं."

ती थोडी हसली. मग डोळे पुसले, पदर सारखा केला आणि टेलरच्या बायकोसारखी सरसावून बसली.

"आत कापड किती ठेवलंस?"

कारखान्यात शिवणीत अर्ध्या इंचाच्या वर धागाभरसुद्धा कापड सोडत नाहीत. सोडलं तर इस्त्री सगळा नग उसवायला लावतात.

"दोन्हीकडे पावणेदोन," मी म्हटलं.

आईनं मनात हिशोब केला. उसवून ब्लाउज परत अडतीस करायला किती कापड लागतं ते तिला माझ्याइतकंच पाठ आहे.

"इतकं?" ती म्हणाली. "काखेत फुगेल की गं."

"फुगू दे."